लॉ कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र: पहिल्या अर्जापासून पुढच्या बॅचच्या हाती देईपर्यंत

लॉ कॉलेजात नवीन वर्ष सुरू झालं की नोटीस बोर्डावर मंडळांच्या चिठ्ठ्या लागतात. मूट कोर्ट (खटल्याच्या युक्तिवादाचा सराव), वादविवाद, मासिक, सांस्कृतिक, आणि या सगळ्यांत एक ‘लीगल एड सेल’, म्हणजेच विधी साहाय्य केंद्र. मूटला नावं भराभर येतात. लीगल एडचं मंडळ बहुतेक कॉलेजांत कागदावर असतं, वर्षाला एक शिबिर घेतं आणि परीक्षा आली की थंडावतं. असं केंद्र मी आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे वकिली करता करता मार्गदर्शक म्हणून आतून पाहिलं आहे. ते नीट चाललं तर काय होऊ शकतं हे ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक प्रसंग सांगतो. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही तालुक्यातल्या एका गावात शिबिर घेतलं. बॅनर, माईक, सत्कार, दीडशे माणसं. भाषणं संपल्यावर एक मावशी पुढे आल्या. पिशवीतून घडी घातलेली सातबाऱ्याची झेरॉक्स काढून त्यांनी आमच्यातल्या एका मुलाच्या हातात दिली. नवरा वारून चार वर्षं झाली होती, उताऱ्यावर अजून त्याचंच नाव. मुलगा म्हणाला, “बघतो मावशी.” दोन वर्षांनी त्याच मावशी मला तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर भेटल्या. “तुमच्या पोराकडे कागद दिला होता,” एवढंच म्हणाल्या. मुलगा तोवर पास होऊन दुसऱ्या गावी गेला होता. त्यांचं नाव आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं: असं केंद्र शिबिरांवर उभं राहत नाही, ते नोंदवहीवर आणि पाठपुराव्यावर उभं राहतं. खालची प्रत्येक पायरी त्याच दृष्टीने लिहिली आहे.

पायरी १: आपल्याला काय करता येतं आणि काय येत नाही, हे आधी समजून घ्या

प्राचार्यांकडे जाल तेव्हा विनंती म्हणून जाऊ नका, नियम हातात घेऊन जा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजने विधी साहाय्य केंद्र चालवणं अपेक्षित आहे. एका ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम ४ मध्ये विद्यापीठं आणि लॉ कॉलेजांतल्या केंद्रांना चालना देणं हे राष्ट्रीय प्राधिकरणाचं काम म्हणून सांगितलं आहे. त्या प्राधिकरणाचे २०११ चे ‘क्लिनिक’विषयीचे, म्हणजे अशाच केंद्रांविषयीचे, विनियमही आहेत. विद्यार्थ्यांनी एखादं गाव दत्तक घेऊन तिथे काम करावं, ही कल्पना त्यात आहे. सगळ्याच्या मुळाशी मोफत विधी साहाय्याबद्दलचं संविधानाचं कलम ३९अ, जे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं.

आता मर्यादा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे कोर्टात वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत वकिलाला. तुम्ही कोर्टात उभे राहणार नाही, वकीलपत्र घेणार नाही, कुणाला “केस जिंकाल” असं सांगणार नाही. माणसाचं ऐकून घेणं, कागद लावून देणं, साधे अर्ज लिहिणं, फॉर्म भरून देणं, योग्य कचेरीत पाठवणं, गरज असेल तिथे प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या (मोफत कामासाठी नेमलेल्या) वकिलापर्यंत पोचवणं आणि काम होईपर्यंत मागे लागणं, एवढं मात्र तुमचं. हे कमी वाटत असेल तर एक दिवस तहसील कचेरीत बसून पाहा. निम्म्या लोकांचं काम कायद्यावाचून अडलेलं नसतं, कुणी नीट सांगणारं नसल्यामुळे अडलेलं असतं.

पायरी २: दोन पत्रं

पहिलं पत्र प्राचार्यांना. त्यात जबाबदार प्राध्यापकाचं नाव सुचवा. ज्यांना तालुक्याची, कचेऱ्यांची माहिती आहे आणि जे फोन उचलतात, असे प्राध्यापक निवडा. पद मोठं असण्याची गरज नाही.

दुसरं पत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. सचिव न्यायाधीश असतात आणि त्यांचं कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. कॉलेज तालुक्याच्या गावी असेल तर तालुका विधी सेवा समितीलाही प्रत द्या. पत्र एका पानाचं ठेवा आणि मागण्या नेमक्या लिहा: पंधरा दिवसांतून एकदा पॅनलवरचा वकील केंद्रावर यावा, मोफत वकील मागण्याचे कोरे अर्ज मिळावेत, आमच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण मिळावं. या शेवटच्या मागणीवर जोर द्या. लॉचे विद्यार्थी वकील म्हणून नोंदणी होईपर्यंत विधी स्वयंसेवक होऊ शकतात. प्राधिकरणाचं ओळखपत्र गळ्यात असलं की कचेरीतला माणूस दोन मिनिटं तरी ऐकून घेतो.

पत्राची पोच घ्या. शिक्का मारलेली प्रत फाइलला लावा. कायद्याच्या विद्यार्थ्याची ही पहिली सवय असली पाहिजे.

पायरी ३: माणसं

बारा ते पंधरा पुरे. चाळीस नावं घेतलीत तर आठच येतील, आणि कोण येणार हे कुणालाच कळणार नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशा पदांपेक्षा कामं वाटा: नोंदवही कोण लिहिणार, कागद कोण तपासणार, फोन कोण करणार, कचेरीत कोण जाणार.

तीन वर्षांच्या एलएलबीला बसलेली नोकरदार मंडळी आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात असतात. कुणी महसूल खात्यात कारकून, कुणी पोलीस, कुणी शिक्षक, कुणी बँकेत. सकाळचा तास करून कामावर जातात म्हणून मंडळांच्या बैठकांत ती दिसत नाहीत आणि त्यांना कुणी विचारतही नाही. त्यांना विचारा. फेरफार (जमिनीच्या उताऱ्यावरच्या नोंदीतला बदल) कुठे अडतो हे पुस्तकात सापडणार नाही, महसूल खात्यातला तो कारकून पाच मिनिटांत सांगेल. फक्त त्याच्याच कचेरीतलं प्रकरण त्याच्याकडे देऊ नका.

पहिल्या वर्षाच्या दोघा-तिघांना सुरुवातीपासून सोबत बसवा. नियमांत जबाबदारी शेवटच्या वर्षाची असली तरी शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात जाणार, हे विसरून चालत नाही.

पायरी ४: जागा, वार, वेळ

केंद्र कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवलंत तर कुणी येणार नाही. गरजू माणूस कॉलेजच्या फाटकातून आत यायला बिचकतो. आठवडी बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं तशीही येतात. सकाळी अकरा ते दोन, एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग.

जागा निवडताना एक गोष्ट नीट पाहा: तिथे गावातल्या प्रत्येक वस्तीतला माणूस न संकोचता येऊ शकतो का? देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण सगळ्यांनाच तिथे मोकळं वाटतं असं नाही. कुणा पुढाऱ्याच्या ओसरीवर तर बसूच नका, कारण बाईची तक्रार कदाचित त्याच्याच घरातली असते. शाळेची खोली, सार्वजनिक वाचनालय, ग्रामपंचायतीची वेगळी खोली असं काहीतरी पाहा. बाजूला एक आडोसा हवा, जिथे बाई दुसऱ्या बाईशी हळू आवाजात बोलू शकेल. आणि त्या वेळी केंद्रावर किमान एक विद्यार्थिनी हवीच.

एकदा वार ठरला की तो मोडायचा नाही. कुणी आलं नाही तरी तीन तास बसायचं. आमच्याकडे पहिले चार आठवडे जवळजवळ कुणीच आलं नव्हतं. लोक बघत होते की ही पोरं टिकतात का.

पायरी ५: नोंदवही

जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे टाकलेली वही घ्या. संगणकावर यादी करा हवी तर, पण मूळ नोंद वहीत. रकाने असे:

- अनुक्रमांक आणि तारीख
- नाव, गाव, वस्ती, फोन (स्वतःचा नसेल तर कुणाचा, आणि त्या माणसाला विषय कळलेला चालेल का)
- काम काय, त्यांच्याच शब्दांत दोन ओळी
- कोणते कागद पाहिले
- आपण काय सांगितलं
- पुढची तारीख आणि कुणाकडे
- काम संपलं का, कसं

या सगळ्यांत ‘पुढची तारीख’ हा रकाना जपा. तो कधी रिकामा दिसता कामा नये. वकील डायरी ठेवतो तशीच ही डायरी. दर आठवड्याला बसण्याआधी त्या दिवशीच्या तारखा वाचायच्या, मग नवीन माणूस घ्यायचा. फोनबद्दलची कंसातली सूचनाही मनावर घ्या. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या दिराच्या फोनवर “केंद्रातून बोलतोय” असं सांगितलं, तर तिचा जीव धोक्यात येऊ शकतो.

मूळ कागद कधीही ठेवून घ्यायचा नाही. रात्रीपुरता नाही, झेरॉक्स काढून आणतो म्हणूनही नाही. त्यांच्यासमोर परवानगीने फोटो काढा आणि कागद त्यांच्या हातात परत द्या. माणसाची सगळी इस्टेट कधीकधी त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत असते.

पायरी ६: बोलणं

पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. माणूस मधूनच सुरू करतो: भावाचं भांडण, मग विहीर, मग आईचं आजारपण, आणि मग कुठेतरी खरा मुद्दा. अडवू नका. ऐकून झाल्यावर तारखा विचारा. तारीख आठवत नसेल तर सणावरून, पेरणीवरून, मुलाच्या जन्मावरून काढता येते. बहुतेक हक्कांना मुदत असते, म्हणून तारीख आधी. अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस जायला हवी. अशी प्रकरणं पुढच्या आठवड्यावर ढकलायची नाहीत.

फौजदारी प्रकरणात एक काळजी घ्या. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं; विद्यार्थ्याला ते तसंच मिळेल असं धरून चालू नका. म्हणून कुणी “माझ्या हातून असं झालं” असं सांगू लागलं तर तिथेच थांबवा, काही लिहू नका, आणि त्याच दिवशी पॅनलवरच्या वकिलाशी गाठ घालून द्या. याच्या उलट, मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या प्राध्यापकांना लगेच सांगा. मुलांच्या मदतीचा १०९८, तातडीच्या मदतीचा ११२ आणि विधी सेवेचा १५१०० हे क्रमांक टेबलावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

पायरी ७: नेहमी येणारी कामं आधी शिकून घ्या

टेबलावर बसण्याआधी महिनाभर या कामांची तयारी करा. कायद्याची पुस्तकं लागतीलच, पण प्रत्यक्ष फॉर्म हातात घेऊन भरून पाहा.

वारस नोंद सगळ्यांत जास्त येते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि ८अ चे उतारे, वारसांची नावं-पत्ते-नाती आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज जातो. (हल्ली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून तलाठीच.) वारसांची नोंद गाव नमुना ६क मध्ये होते, चौकशी होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, हे लोकांना आवर्जून सांगा. कित्येक जण “आता मुदत गेली” म्हणून घरी बसलेले असतात.

त्या मावशी, ज्यांची झेरॉक्स आमच्याकडून हरवली होती, पुन्हा केंद्रावर आल्या तेव्हा मी विचारलं, “वारस कोण कोण?”

“दोन पोरं.”

“आणि मुली?”

“तीन. पण त्या दिल्या घरी.”

हा संवाद तुमच्या टेबलावर वारंवार होईल. हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. लग्न झालेली मुलगी तितकीच वारस. मुलीचं नाव गाळून केलेला अर्ज आपण लिहून द्यायचा नाही. तिला हक्क सोडायचा असेल तर तो नंतर, तिच्या स्वतःच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. हे शांतपणे समजावलं की बहुतेक माणसं ऐकतात. कुटुंब मुस्लिम असेल तर हिस्से वेगळे पडतात, तेव्हा प्राध्यापकांना विचारूनच पुढे जा. आणि फेरफार ही महसुली नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही. वाद पेटलेला असेल तर तो दिवाणी कोर्टाचा विषय. मावशींच्या उताऱ्यावर शेवटी सहा नावं लागली: त्या, दोन मुलगे, तीन मुली.

मोफत वकिलाचा अर्ज हे दुसरं मोठं काम. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, आपत्तीग्रस्त आणि मानवी व्यापाराला बळी पडलेले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती प्राधिकरणाकडून विचारून भिंतीवर लावा. बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागून तिला परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे. असं झालं तर कलम दाखवा, नम्रपणे, पण दाखवाच.

माहिती अधिकाराचा अर्ज अडलेलं काम हलवायला फार उपयोगी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. “माझं काम का झालं नाही?” असं विचारायचं नाही. “माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात” असं मागायचं. दुसऱ्या प्रश्नाला कागद द्यावाच लागतो.

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तुमच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याला केंद्र सुरू होण्याआधीच जाऊन भेटा. बाई समोर बसलेली असताना त्यांचा फोन नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

लोकअदालतीत प्रकरण ठेवायचं असेल तर एक गोष्ट माणसाला आधीच सांगा. तिथल्या तडजोडीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते, वर्षं वाचतात, पण सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून, समजून घ्यायची.

पायरी ८: पैसे

येणाऱ्या माणसाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, झेरॉक्सचासुद्धा नाही, चहा तर नाहीच. टेबलावर तशी पाटी लावा. झेरॉक्स, स्टॅम्प, एसटीचं भाडं एवढाच खर्च असतो. तो कॉलेजच्या उपक्रम निधीतून मागा आणि पावत्यांसह महिन्याचा हिशेब प्राध्यापकांना द्या.

पायरी ९: शिबिर, पण नंतर

केंद्र सहा महिने चाललं की वही उघडा. एकाच गावातून वारस नोंदीची दहा माणसं आली असतील तर त्या गावी जा आणि त्याच एका विषयावर शिबिर घ्या. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना बोलवा. भाषण वीस मिनिटं, उरलेले तीन तास अर्ज भरणं. प्रत्येक अर्जाचा क्रमांक वहीत. गोव्यातली मित्रमंडळी हे वाचत असतील तर तिथे उत्तराधिकाराचा नागरी कायदा वेगळा आहे आणि जमिनीचे उतारेही वेगळे. पण टेबल, वार आणि वही तीच ठेवा.

पायरी १०: परीक्षा, सुट्टी आणि हवाली करणं

परीक्षेच्या काळात केंद्र बंद ठेवायचं असेल तर महिनाभर आधी पाटी लावा आणि ज्यांच्या तारखा त्या काळात येतात त्यांना फोन करा. शक्य असेल तर वेगवेगळ्या वर्षांच्या परीक्षा पाहून दोघांची पाळी लावा. सगळ्यांचे पेपर एकाच दिवशी नसतात.

मार्चअखेर जुन्या आणि नव्या मुलांनी एकत्र बसून वहीतली प्रत्येक उघडी नोंद वाचायची. त्यासाठी दोन दुपारी राखून ठेवा. प्रत्येक नोंदीसमोर नव्या विद्यार्थ्याचं नाव लिहायचं आणि तिथेच बसून त्या माणसाला फोन लावायचा. जुना विद्यार्थी बोलतो: “मी जातोय, आता तुमचं काम ही ताई बघणार.” मग फोन तिच्या हातात. ती आपलं नाव सांगते, पुढची तारीख सांगते आणि ती वहीत लिहिते. ज्यांचा फोन लागत नाही त्यांची वेगळी यादी करायची. त्या गावांना शेवटचा पेपर झाल्यावर, निकालाची वाट न पाहता, जुन्याने आणि नवीने मिळून एसटीने जाऊन यायचं.